गुडघा दुखावला, दमसास का घालवायचा?

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. त्यासाठी बुलढाणा जिल्ह्यातली कितीतरी मुलं-मुली पहाटे डांबरी सडकेवर पळताना दिसतात. मैदान जवळ नसतं, चांगले बूट परवडत नाहीत, आणि भरतीची जाहिरात निघाली की तीन महिन्यांची तयारी तीन आठवड्यांत उरकायची घाई होते. त्यातल्या काहींचा गुडघा दुखावतो. याच जिल्ह्यात सोयाबीनच्या सोंगणीला आणि निंदणाला दिवसदिवस उकिडवं बसून टोंगळे धरलेल्या बाया आहेत, कबड्डीत पाय पिरगळलेले गडी आहेत, मोटारसायकलवरून पडलेले आहेत, आणि शेगावच्या पालखीबरोबर एकदा तरी पायी जायचं मनात धरलेले साठीचे वारकरी आहेत. या सगळ्यांना एकच सल्ला मिळतो, आराम करा. किती दिवस, कशाचा आराम, आणि तोवर हृदय-फुप्फुसांचं काय करायचं, हे बहुतेकांना कुणी सांगत नाही.

आरामाची किंमत किती असते, याचं एक जुनं मोजमाप आहे. १९६६ साली अमेरिकेत डॅलस इथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवलं होतं. त्यांच्या शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे आपल्या भाषेत दमसास, पाव हिश्श्याहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा आढळलं की तिशी, चाळिशी, पन्नाशी पार करताना जेवढा दमसास गेला नव्हता, तेवढा त्या तीन आठवड्यांत गेला होता. गुडघा दुखावलेला माणूस पूर्ण अंथरुणाला खिळत नाही हे खरं. पण तीन महिने खाटेवर आणि खुर्चीत काढले की दम तर जातोच, वजन वाढतं, साखर आणि रक्तदाब असलेल्यांचे आकडे बिघडतात, आणि मग ते वाढलेलं वजन त्याच गुडघ्यावर येऊन पडतं.

गुडघ्यालाही निव्वळ विश्रांती मानवत नाही. हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळतं, आणि ते मिळण्यासाठी ती ओल्या स्पंजासारखी दाबली जाऊन पुन्हा मोकळी व्हावी लागते. ही दाब-मोकळीक हालचालीतूनच घडते. ‘चालून चालून वाट्या झिजल्या’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात, पण अभ्यास तसं सांगत नाहीत. २०१७ मध्ये लाखाहून अधिक लोकांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. हौशी धावपटूंमध्ये गुडघ्याच्या आणि खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण ३.५ टक्के आढळलं, बैठं आयुष्य जगणाऱ्यांमध्ये १०.२ टक्के. स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांमध्ये मात्र ते १३.३ टक्के होतं. नेमस्त वापराने सांधा टिकतो, असाच या आकड्यांचा कल आहे. दुखावलेल्या गुडघ्याने लगेच धावायला लागावं, असा अर्थ मात्र कुणी काढू नये.

व्यायाम निवडण्याआधी इजा कोणती हे कळायला हवं. पडल्यावर किंवा पिरगळल्यावर त्या पायावर चार पावलंही टाकता येत नसतील, गुडघा काटकोनात वाकत नसेल, वाटीच्या हाडावर दाबल्यावर कळ येत असेल, किंवा वय पंचावन्नच्या पुढे असेल, तर आधी एक्स-रे काढावा. पिरगळल्यावर तासा-दोन तासांत गुडघा टम्म फुगला, तर आत रक्त साचलेलं असण्याची आणि लिगामेंट तुटल्याची शक्यता मोठी असते. गुडघा मधेच अडकून सरळ होत नसेल तर दोन हाडांमधल्या फाटलेल्या गादीचा (मेनिस्कसचा) तुकडा आत अडकलेला असू शकतो. चालता चालता गुडघा दगा देत असेल, सांधा लाल होऊन ताप येत असेल, पोटरी सुजून दुखत असेल, तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचा. आणि एक कळकळीची विनंती, ताज्या सुजलेल्या गुडघ्याला जोरकस मालीश करून घेऊ नका. हाडवैद्याकडे नेऊन गुडघा ‘बसवून’ आणल्यावर फाटलेलं आणखी फाटल्याच्या तक्रारी गावोगाव ऐकू येतात.

हे अपवाद सोडले तर उरतात ते बहुसंख्य: सौम्य मुरगळ, वाटीभोवतीचं दुखणं, जुनी गादीची झीज, वयाची सांधेझीज, शस्त्रक्रियेनंतर सावरणारे. या सगळ्यांना हृदयाचे ठोके वाढवणारा, पण गुडघ्याला सोसेल असा व्यायाम हवा असतो.

अशा व्यायामाला ‘कमी आघाताचा’ म्हणतात. पाय जमिनीवरून उचलला जाऊन पुन्हा आदळत नाही, एवढाच या शब्दाचा अर्थ. माझ्या मते हा निकष अपुरा आहे. बैठका मारताना पाय जमिनीवरून हलतही नाही, आघात शून्य, तरी दुखऱ्या वाटीला त्या धावण्याइतक्याच जड जातात, कारण गुडघा खोल वाकून त्यावर अख्ख्या शरीराचं वजन येतं. म्हणून आघाताबरोबर सांध्यावरचा एकूण भार आणि वाकण्याची खोली, याही दोन गोष्टी पाहायला हव्यात.

भाराचे आकडे आज नेमके उपलब्ध आहेत. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी कृत्रिम सांध्यातच मापक बसवले आणि रुग्ण रोजच्या हालचाली करत असताना आतला भार मोजला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या मोजमापानुसार सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सरासरी २६१ टक्के भार येतो, जिना चढताना ३१६ टक्के आणि उतरताना ३४६ टक्के. त्याच गटाने नंतर सायकल मोजली. हलक्या जोराने पॅडल मारताना भार होता सुमारे ११९ टक्के. सत्तर किलोच्या माणसाचा हिशेब केला तर सपाटीवर चालताना सुमारे १८३ किलो, जिना उतरताना २४२, आणि सायकलवर अवघे ८३ किलो. पुढचं बरंचसं या तीन आकड्यांवरून ठरतं.

चढण्यापेक्षा उतरणं जड, हे वाचून पुष्कळांना नवल वाटतं. लोणारला गेलेल्यांनी ते अनुभवलं असेल. विवराच्या कडेपासून तळ्यापर्यंत सव्वाशे मीटरहून जास्त उतार आहे. खाली जाताना दम लागत नाही, म्हणून माणूस भराभर उतरतो आणि दुसऱ्या दिवशी गुडघा धरतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत शरीर तोलून धरतो आणि त्याचा सगळा दाब वाटीमागे येतो. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाने लोणारचं विवर कडेवरूनच पाहावं; कडेने फिरायलाही पुष्कळ चालणं होतं.

जिल्ह्याची बोलीतली वाटणीच ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ अशी आहे, आणि व्यायामाच्या बाबतीत ती खरोखर उपयोगी पडते. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर या भागात पूर्णेच्या खोऱ्याची सपाट जमीन आहे. चालायला आणि सायकलला ती उत्तम, फक्त उन्हाळा जीवघेणा. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी सातच्या आत किंवा सूर्य मावळल्यावरच बाहेर पडावं. घाटावर बुलढाणा शहराच्या आसपास हवा थंड, पण रस्ते चढ-उताराचे. बुलढाण्यातल्या माणसाने रोजच्या फिरण्याचा रस्ता निवडताना निसर्गापेक्षा उतार पाहावा. राजूर घाटाचा रस्ता देखणा आहे, पण दुखऱ्या गुडघ्याने तो पायी उतरण्यासारखा नाही. शाळेचं मैदान, क्रीडा संकुलाची धावपट्टी, अगदी बाजार समितीचं पटांगणही त्याहून बरं.

आता सायकल. माझा कौल पहिल्यांदा हिलाच आहे आणि त्याची कारणं साधी आहेत. भार कमी, आघात नाही, हृदयाला पुरेसं काम, आणि वस्तू बहुधा घरात असते. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेला जाण्यासाठी सायकली मिळाल्या. जिल्ह्यातल्या अनेक घरांत मुलगी कॉलेजला गेल्यावर ती सायकल भिंतीला टेकून उभी आहे. तिच्यात हवा भरून, साखळीला तेल घातलं की गुडघ्याच्या व्यायामाचं साधन तयार. खालचा दांडा असलेली ही लेडीज सायकल दुखऱ्या गुडघ्याला मोठ्या काळ्या सायकलपेक्षा जास्त सोयीची, कारण वरच्या दांड्यावरून टांग टाकावी लागत नाही. चढताना दुखरा पाय टेकवून त्यावर वळू नये.

सीटची उंची हा मात्र कळीचा मुद्दा, आणि आपल्याकडे तीच हमखास चुकते. थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला लागावेत म्हणून लोक सीट खाली ठेवतात. त्याने प्रत्येक फेरीत गुडघा जास्त वाकतो आणि वाटीमागचा दाब वाढतो. बरोबर उंची ओळखायची सोपी रीत आहे. सीटवर बसून पॅडल सगळ्यात खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. मग पंजाने पॅडल मारताना गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा बाक राहतो. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागलं तर सीट बहुधा खाली आहे, मागच्या बाजूला ओढ बसली तर बहुधा फार वर. आणि पॅडल हलकं, पण भराभर फिरवावं. मिनिटाला साठ-सत्तर फेऱ्या, प्रत्येक फेरी सुखाची. समोरून वारा असताना किंवा चढावर उभं राहून दाबत पॅडल मारणं पहिल्या काही महिन्यांत नको. चढ आला की खुशाल उतरून सायकल हाती धरावी.

रस्त्यावर पडण्याची भीती असलेल्यांनी, विशेषतः लिगामेंटची शस्त्रक्रिया झालेल्यांनी, स्थिर सायकलच वापरावी. ती नसेल तर दोन पायांच्या स्टँडवर सायकल चढवून मागचं चाक अधांतरी ठेवून पॅडल मारता येतं. त्यात जोर लागत नाही, म्हणून दम फारसा वाढत नाही, पण गुडघा मोकळा करायला पहिले काही आठवडे हे पुरतं. पॅडलची पूर्ण फेरी मारायला गुडघा जवळपास ११० अंश वाकावा लागतो. तेवढा वाकत नसेल तर पुढे-मागे अर्धी-अर्धी फेरी झुलवत राहावं. काही दिवसांत फेरी आपोआप पूर्ण होते. खुर्चीसमोर ठेवायची छोटी पॅडल-यंत्रंही मिळतात, वृद्धांसाठी ती चांगली. शस्त्रक्रियेनंतर सायकल कधी सुरू करायची हे मात्र ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांनाच विचारून ठरवावं. गादी शिवली असेल तर वाकण्यावर काही आठवड्यांची बंधनं असतात.

चालणं दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो, तेही फक्त भाराच्या आकड्यांमुळे. एरवी याच्याइतका फुकटचा, सवयीचा आणि पुराव्याने भक्कम व्यायाम नाही. १९९७ साली अमेरिकेत साठीपुढच्या ४३९ गुडघेदुखीग्रस्तांवर अठरा महिने चाचणी झाली. एका गटाने चालण्याचा व्यायाम केला, दुसऱ्याने ताकदीचा, तिसऱ्याला फक्त आरोग्याची माहिती दिली. व्यायाम करणाऱ्या दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं आणि हिंडणं-फिरणं सुधारलं. सांधा बिघडल्याचं क्ष-किरणांत दिसलं नाही. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या मोठ्या आढाव्याने २१७ चाचण्या आणि पंधरा हजारांवर रुग्णांची माहिती एकत्र केली. गुडघ्याच्या सांधेझिजेत दुखणं, हालचाल आणि जगण्याची गुणवत्ता या तिन्हींसाठी चालणं, सायकल, पोहणं असे दमाचे व्यायाम बाकी प्रकारांपेक्षा सरस ठरण्याची शक्यता अधिक, असा त्याचा निष्कर्ष आहे. आपल्याकडे अजूनही गुडघेदुखीच्या माणसाला ‘चालू नका’ असं सांगितलं जातं, ते या पुराव्याशी जुळत नाही.

किती चालायचं? दहा हजार पावलांचा आकडा मोबाइलमुळे घरोघरी गेला आहे. तो १९६० च्या दशकात जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला, वैद्यकीय संशोधनातून नाही. गुडघेदुखी असलेल्यांच्या एका अमेरिकी अभ्यासात दिवसाला सहा हजार पावलांच्या आसपास चालणाऱ्यांना पुढे हालचालीची अडचण कमी आल्याचं दिसलं. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाने हाच आकडा डोळ्यांसमोर ठेवावा, तोही काही आठवड्यांत गाठायचा म्हणून. पहिल्या आठवड्यात दहा दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या पुरेत. सलग अर्धा तास चालून सूज आणण्यापेक्षा त्या लाखपटीने बऱ्या. मिनिटाला शंभराच्या आसपास पावलं पडली की चाल हृदयाला उपयोगी पडेल इतकी भरभर झाली.

काठीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण दहांतले कितीतरी जण ती चुकीच्या हातात धरतात. गुडघा उजवा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. दुखरा पाय आणि काठी एकदमच पुढे पडतात आणि भार वाटला जातो. काठी घेणं हे म्हातारपणाचं लक्षण मानून लाजणाऱ्यांनी शेगावच्या पालखीतले वारकरी पाहावेत.

पालखीचा विषय निघालाच आहे तर तोही पाहू. शेगावहून पंढरपूरची पायी वारी पाच दशकांहून अधिक काळ चालू आहे आणि एका बाजूचं अंतर सातशे किलोमीटरच्या वर जातं. ठेका धरून, टाळाच्या लयीत, गर्दीबरोबर चालणं हा दमाचा उत्तम व्यायाम आहे. पण रोज पंचवीस-तीस किलोमीटर, महिनाभर, एकही दिवस सुट्टी न घेता, हे दुखऱ्या गुडघ्याचं काम नाही. श्रद्धेपुढे मी कुणाला अडवणार नाही, फक्त तयारीला वेळ द्या एवढंच म्हणेन. परतीच्या वाटेवर पालखी खामगावहून शेगावला येते, तेव्हा सोळा-सतरा किलोमीटर चालायला हजारो लोक येतात. गुडघा सावरलेल्या माणसासाठी हे पहिलं ध्येय चांगलं आहे. तीन-चार महिने आधीपासून आठवड्यातली एक चाल थोडी थोडी लांबवत दहा-बारा किलोमीटरपर्यंत नेली, तर हे अंतर पार करता येतं, आणि मधे बसायची वेळ आलीच तर त्या रस्त्यावर गाड्यांची कमतरता नसते.

पाण्यातला व्यायाम सगळ्यात सौम्य. कमरेइतक्या पाण्यात शरीराचा निम्मा भार उरतो, छातीपर्यंत एक तृतीयांशाच्या आसपास, मानेपर्यंत जेमतेम दहावा हिस्सा. छातीभर पाण्यात नुसतं भरभर चाललं तरी धाप लागते आणि गुडघ्याला कळतही नाही. पोहता येणाऱ्यांनी पाय सरळ हलवत पोहावं. बेडकासारखे पाय फाकवून झटका देण्याची पद्धत गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटला ताण देते, ती टाळावी. अडचण एवढीच की जिल्ह्यात पोहण्याचे तलाव मोजके आणि उन्हाळ्यात पाण्याची टंचाई. विहिरीत पोहायला शिकलेली पिढी म्हणेल, विहीर आहे की. पण विहिरीच्या पायऱ्या चढणं-उतरणं आणि काठावरून उडी, यांत मिळालेला फायदा वाहून जातो. येळगाव, नळगंगा, खडकपूर्णा यांच्या जलाशयांत तर गुडघ्याच्या व्यायामासाठी मुळीच उतरू नये. तळ उंचसखल, गाळ खोल, आणि पाय अडकला तर दुखरा गुडघा तुम्हाला बाहेर काढणार नाही. तलाव हाताशी असेल तर पाणी पहिलं निवडा, नसेल तर हळहळू नका.

जिथे पायावर अजिबात भार द्यायचा नाही, प्लास्टर आहे किंवा शस्त्रक्रियेला थोडेच दिवस झालेत, तिथे हात कामाला लावायचे. खुर्चीत ताठ बसून दोन्ही हातांत अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन ठोसे मारल्यासारखे हात पुढे, वर, बाजूला. दोन मिनिटं भरभर, एक मिनिट सावकाश, असं पंधरा मिनिटं केलं तर घाम फुटतो. एक सावधगिरी: तेवढ्याच मेहनतीला हातांच्या व्यायामात नाडी आणि रक्तदाब पायांच्या व्यायामापेक्षा जास्त वाढतात. रक्तदाबाच्या आणि हृदयविकाराच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारूनच सुरू करावं, आणि हात डोक्याच्या वर कमी न्यावेत.

व्यायामशाळेतल्या यंत्रांचं थोडक्यात सांगतो. पाय न उचलता चालल्यासारखं फिरवणारं एलिप्टिकल चांगलं आहे. ट्रेडमिल सपाट ठेवली तर ठीक. वल्हवण्याच्या यंत्रात गुडघा फार वाकतो, ते सुरुवातीला नको. दोरीच्या उड्या, झुंबा, जिना चढण्याचं यंत्र, हे सगळं नंतर. गावोगाव बसवलेल्या ओपन जिममधल्या झुलत्या पायाच्या यंत्राने नुकसान होत नाही, पण चढता-उतरताना तोल जातो, म्हणून दांडा घट्ट धरावा.

वऱ्हाडाला व्यायामाची परंपरा मोठी आहे. १९१४ साली अमरावतीत स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या भागात आखाडा, मल्लखांब आणि जोर-बैठकांची गोडी लावली, आणि गावोगावच्या तालमींत आजही तेच व्यायाम शिकवले जातात. निरोगी गुडघ्यासाठी ते उत्तम. दुखावलेल्या गुडघ्याने मात्र बैठका, वज्रासन, मलासन आणि भरभर घातलेले सूर्यनमस्कार काही काळ बाजूला ठेवावेत, किंवा खुर्चीच्या आधाराने अर्धेच करावेत. तालमीतले वस्ताद ‘दुखलं तरी रेट’ म्हणतात, त्यांना हात जोडून नाही म्हणावं.

मात्रा कशी ठरवायची? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढांनी आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम करावा, शिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. मध्यम म्हणजे बोलता येतं, पण भजन म्हणता येत नाही, एवढी धाप. गुडघ्याची मर्यादा वेगळी मोजायची. शून्य ते दहाच्या मापावर व्यायाम करताना दुखणं तीन-चारपर्यंत गेलं तर चालेल, पण ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्वपदावर यायला हवं. सकाळी गुडघा सुजलेला किंवा जास्त आखडलेला असेल, तर आदल्या दिवशीचं प्रमाण जास्त झालं. पुढच्या खेपेला तिसरा हिस्सा कमी करा, बंद करू नका. आणि ताकदीचे व्यायाम सोडू नका. गुडघ्यात पाणी झालं की मांडीचा पुढचा स्नायू आपोआप ढिला पडतो, मेंदूच त्याला आवरतो. पाय सरळ ठेवून उचलणं, गुडघ्याखाली टॉवेल दाबणं, हे साधे प्रकार रोज केले तरच सायकल आणि चालण्याचा भार स्नायू उचलतात, सांधा नाही. वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, हेही मोजून झालेलं आहे.

वेदनाशामक गोळी खाऊन व्यायाम करण्याची खोड इथे फार आहे, विशेषतः भरतीच्या मुलांत. दुखणं दाबलं की मर्यादेची खूण हरवते. त्यातही संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव हा भाग खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या पट्ट्यात येतो, आणि तिथल्या किडनीविकाराच्या बातम्या वर्षानुवर्षं येत आहेत. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या दिवसेंदिवस घेतल्या तर किडनीला इजा करतात. त्या भागातल्या माणसाने दुकानातून आणून त्या खाऊ नयेत. अगदी गरज पडली तर वरून लावायचं मलम तुलनेने सुरक्षित.

शेतात राबणाऱ्या बायांचा प्रश्न वेगळा आहे, आणि व्यायामावरच्या लेखांत तो सहसा सुटतो. दिवसभर वावरात काम केलेल्या बाईला ‘रोज चाला’ सांगणं निर्दयपणाचं आहे. तिचं अंग थकतं, पण निंदण-खुरपणीत हृदयाचे ठोके सलग वाढत नाहीत आणि गुडघा तासन्‌तास पूर्ण वाकलेला राहतो. हंगामात तिला व्यायाम वाढवून देण्यापेक्षा उकिडवं बसणं कमी करून द्यावं. बसायला बुटकं स्टूल, लांब दांड्याचं अवजार, दर अर्ध्या तासाला उभं राहून पाय मोकळे करणं, घरात शौचालयाला खुर्चीची बैठक. दमाचा व्यायाम हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या सकाळी. एकट्या बाईला रस्त्यावर फिरायला संकोच वाटतो, म्हणून बचत गटातल्या चार-सहा जणींनी मिळून निघावं. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात पाय घसरणं हाच गुडघ्याला सगळ्यात मोठा धोका. तेव्हा देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेच्या व्हरांड्यात फेऱ्या मारल्या तरी पुरे.

फिजिओथेरपिस्ट सगळ्या तालुक्यांत सहज मिळत नाही. तरीही एकदा जिल्हा रुग्णालयात किंवा मोठ्या गावी जाऊन आपल्या इजेप्रमाणे व्यायाम ठरवून घ्यावा आणि महिन्याने पुन्हा दाखवावा. मधला महिना घरच्या सायकलवर आणि सपाट रस्त्यावर काढता येतो.

आणि एक मागणी ग्रामपंचायतींकडे. क्रीडा विभागाच्या व्यायामशाळा विकास अनुदानातून गावात साहित्य येतं, तेव्हा यादी बहुधा डंबेल्स आणि बेंचपासून सुरू होते. पुढच्या यादीत दोन स्थिर सायकली घाला, आणि शाळेच्या मैदानाभोवती मुरूम टाकून सपाट फेरीचा रस्ता करून घ्या. भरतीच्या मुलांना धावायला आणि दुखऱ्या गुडघ्यांना चालायला तो एकच पुरेल.